चिनी मातीचे पक्षी

जर्मनीच्या पूर्व भागात एल्ब नदीच्या काठी मायसेन नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाला लागूनच एका उंच खडकावर जुना किल्ला उभा आहे. किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तटबंदी, तोफा आणि तलवारी उभ्या राहतात. परंतु या किल्ल्यात इ. स. १७१० पासून सुमारे दीडशे वर्षे जे काम चालले, ते अगदी निराळे होते. तेथे माती मळली जात होती, साचे भरले जात होते, भट्ट्या पेटत होत्या; आणि त्या भट्ट्यांतून शुभ्र, चकचकीत पात्रे व पुतळे बाहेर पडत होते. याच किल्ल्यात काम करून एका शिल्पकाराने मातीचे गरुड, बगळे, मोर आणि पोपट घडविले. त्याला जाऊन अडीचशे वर्षे झाली. पण त्याच्या हातचा एखादा पक्षी आपल्या संग्रही असावा म्हणून जगातील मोठमोठी संग्रहालये आणि हौशी संग्राहक आजही धडपडत असतात. त्या शिल्पकाराचे नाव योहान योआखिम केंडलर.

केंडलरची गोष्ट सांगण्यापूर्वी त्याच्या मातीची गोष्ट सांगितली पाहिजे. आज चिनी मातीच्या कपबश्या आपल्या घरोघर दिसतात. त्यांचे आपल्याला काहीच नवल वाटत नाही. पण अठराव्या शतकाच्या आरंभी युरोपात ही भांडी कोणालाच करता येत नव्हती. ती चीन आणि जपान या देशांतून जहाजांनी यावयाची. पांढरीशुभ्र, हलकी, बोटाने वाजविली तर घंटेसारखी नाद देणारी आणि उजेडासमोर धरली तर आतून प्रकाश झिरपू देणारी अशी ती भांडी पाहून युरोपातील राजेरजवाडे वेडावून जात. लोक त्यांना पांढरे सोनेच समजत.

या वेडाने सर्वांत अधिक झपाटलेला राजा म्हणजे सॅक्सनीचा ऑगस्टस. तो पोलंडचाही राजा होता. शरीराने तो इतका धिप्पाड व ताकदवान होता की लोक त्याला बलदंड ऑगस्टस म्हणत. परंतु चिनी मातीच्या नाजूक भांड्यांपुढे या बलदंड राजाचे काही चालत नसे. हा आपल्याला जडलेला एक रोगच आहे, असे तो स्वतःच कबूल करी. १७१७ साली त्याने शेजारच्या प्रशियाच्या राजाकडून १५१ चिनी पात्रे घेतली आणि त्यांच्या बदल्यात आपले ६०० सैनिक त्याला देऊन टाकले. जिवंत माणसे देऊन भांडी घेणाऱ्या राजाची हौस किती अनावर असेल, याची यावरून कल्पना येईल. त्या सैनिकांना काय वाटले असेल, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

अशी भांडी आपल्याच राज्यात व्हावीत, ही ऑगस्टसची इच्छा होती. त्याच्या कैदेत ब्यॉटगर नावाचा एक तरुण होता. आपण हलक्या धातूचे सोने करून दाखवू, अशी बढाई त्याने मारली होती आणि म्हणूनच राजाने त्याला पकडून ठेवले होते. सोने काही त्याच्या हातून झाले नाही. पण चिर्नहाउस नावाच्या विद्वानाच्या मार्गदर्शनाखाली त्याने निरनिराळ्या माती भट्टीत तापवून पाहिल्या, आणि १७०८ च्या सुमारास खऱ्या चिनी मातीचे रहस्य त्याला गवसले. लगेच १७१० साली मायसेनच्या किल्ल्यात राजाचा कारखाना सुरू झाला. हे रहस्य बाहेर फुटू नये म्हणूनच किल्ल्यासारखी बंदिस्त जागा निवडली होती. माती सापडली, भट्टी पेटली. आता हवा होता त्या मातीत प्राण ओतणारा कलावंत.

केंडलरचा जन्म १७०६ साली सॅक्सनीतील फिशबाख या खेड्यात झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. घरी वाचनाचे वातावरण असल्याने ग्रीक व रोमन लोकांच्या पुराणकथा त्याला लहानपणीच ठाऊक झाल्या. मुलाचा ओढा शिल्पकलेकडे आहे हे दिसून आल्यावर १७२३ साली त्याला ड्रेस्डेन या राजधानीत बेंजामिन टोमे या दरबारी शिल्पकाराकडे शिकावयास ठेवण्यात आले. तेथे त्याने सात-आठ वर्षे दगड आणि लाकूड यांवर छिन्नी चालविली. राजवाड्यातील रत्नशाळेच्या सजावटीचे काम चालू असताना या तरुणाचे कसब ऑगस्टसच्या नजरेस पडले. हिरा पारखणाऱ्या राजाने माणूसही अचूक पारखला. १७३१ साली त्याने केंडलरला मायसेनच्या कारखान्यात पाठविले. त्या वेळी केंडलर पंचवीस वर्षांचा होता.

त्या सुमारास राजाच्या मनाने एक विलक्षण कल्पना घेतली होती. ड्रेस्डेन येथे त्याचा एक खास महाल होता. जपानी महाल या नावाने तो ओळखला जाई. त्याची दालने चिनी मातीच्या पशुपक्ष्यांनी भरून टाकावयाची, आणि तेही खऱ्या प्राण्यांएवढ्या मोठ्या आकाराच्या, असे त्याने ठरविले. चहाचा पेला करणे आणि पुरुषभर उंचीचा प्राणी करणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. चीन व जपान येथील कारागिरांनीही असे धाडस एवढ्या मोठ्या प्रमाणावर केले नव्हते.

केंडलरच्या आधीपासून या कामावर किर्खनर नावाचा शिल्पकार होता. त्याने एक गेंडा घडविला होता. या गेंड्याची हकीकत मोठी मजेची आहे, आणि तिचा धागा आपल्या गोव्यापर्यंत येऊन पोहोचतो. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला एक जिवंत गेंडा भेट म्हणून दिला होता. अल्बुकर्कने तो १५१५ साली गोव्याहून जहाजात घालून पोर्तुगालच्या राजाकडे लिस्बन येथे धाडला. त्याचे वर्णन आणि एक रेखाटन जर्मनीत ड्यूरर या थोर चित्रकाराच्या हाती आले. ड्यूररने गेंडा प्रत्यक्ष कधीच पाहिला नव्हता. ऐकीव माहितीवरून त्याने जे चित्र काढले, त्यात गेंड्याच्या अंगावर लोखंडी चिलखतासारखे पत्रे आले आणि त्याच्या खांद्यावर एक जादा शिंगही उगवले! पुढे दोनशे वर्षे सर्व युरोप ते चित्र खरे मानून चालला. किर्खनरने मायसेनमध्ये त्याच चित्रावरून मातीचा गेंडा केला. साहजिकच त्यातली चूकही मातीत उतरली.

केंडलरने निराळी वाट धरली. जो प्राणी घडवावयाचा, तो आधी डोळे भरून पाहावयाचा, असा त्याचा नेम होता. ड्रेस्डेनजवळ मोरिट्झबुर्ग येथे राजाचा तळ्याच्या मधोमध बांधलेला शिकारवाडा होता. त्याच्या परिसरात देशोदेशींचे पशुपक्षी पाळलेले असत. केंडलर तेथे जाई आणि हातात कागद घेऊन पिंजऱ्यांपुढे उभा राही. गरुड मान कशी वळवितो, बगळा एका पायावर उभा राहताना शरीराचा भार कसा तोलतो, चिडलेला पोपट पिसे कशी फुलवितो, हे तो बारकाईने न्याहाळी आणि कागदावर उतरवून घेई. जे पक्षी जिवंत पाहावयास मिळत नसत, त्यांची पेंढा भरून ठेवलेली शरीरे राजाच्या संग्रहात पाहता येत. परंतु पेंढा भरलेला पक्षी पिसांचा रंग दाखवितो. त्याचा स्वभाव दाखवीत नाही. केंडलरला तर हवा होता स्वभाव. म्हणूनच त्याचा गरुड नुसता बसलेला दिसत नाही; आता झेप घेईल असे वाटते. त्याचा बगळा पाण्यातील मासा हेरीत असल्यासारखा भासतो. मायसेनला आल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांतच त्याने गरुड, बगळा, घुबड, गिधाड, माळढोकाच्या जातीचा एक पक्षी आणि मोर असे एकाहून एक सरस पक्षी घडविले.

हे काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. प्रथम साध्या मातीत पक्ष्याची मूळ प्रतिकृती तयार होई. मग तिचे डोके, पंख, धड, पाय असे भाग पाडून प्रत्येक भागाचा प्लॅस्टरचा साचा घेतला जाई. त्या साच्यांत चिनी मातीचा लगदा दाबून भरावयाचा, भाग सुटले की ते पातळ मातीने एकमेकांस जोडावयाचे आणि सांध्यांच्या खुणा पुसून पिसान् पीस पुन्हा कोरून काढावयाचे. नंतर तो पक्षी सावकाश वाळू द्यावयाचा. घाई केली की तो तडकलाच म्हणून समजावे. शेवटी त्याच्यावर झिलई चढवून भट्टीत घालावयाचे. भट्टीतील उष्णता सुमारे १४०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. या आचेत चिनी माती आक्रसते; मूळ आकाराच्या जवळजवळ एक षष्ठांशाने ती लहान होते. जाड भाग हळू आक्रसतो, पातळ भाग लवकर आक्रसतो, आणि या ओढाताणीत मूर्तीला तडे जातात.

लहानशा पेल्याचे हे हाल, तर हातभर उंचीच्या गिधाडाची काय कथा! आठवडेच्या आठवडे खपून केलेला पक्षी भट्टीत जाई, आणि भट्टीचे दार उघडल्यावर त्याच्या छातीवर रुंद भेग दिसे, किंवा तो आपल्याच भाराने एका अंगाला कललेला असे. रंग पक्का करण्यासाठी पुन्हा भट्टीत घालावे, तर उरलासुरलाही फुटण्याचे भय. म्हणून मोठ्या पक्ष्यांपैकी पुष्कळ पांढरेच ठेवावे लागले; काहींना न भाजता वरवरचा रंग दिला, तो काळाच्या ओघात निघून गेला. आज संग्रहालयांत ते भेगाळलेले शुभ्र पक्षी दिसतात, तेव्हा त्या भेगा उणेपणाच्या वाटत नाहीत. माणसाने अग्नीशी दिलेल्या झुंजीच्या त्या खुणा आहेत.

इतक्यात एक आघात झाला. १७३३ च्या फेब्रुवारीत बलदंड ऑगस्टस वॉर्सा येथे मरण पावला. जपानी महाल त्याच्या मनाप्रमाणे सजलेला पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. त्याच्या मुलाने, म्हणजे तिसऱ्या ऑगस्टसने, काही काळ ते काम पुढे चालविले. परंतु महाल अखेर अपुराच राहिला. याच वर्षी किर्खनर कारखाना सोडून गेला आणि शिल्पविभागाची सर्व धुरा सत्तावीस वर्षांच्या केंडलरवर येऊन पडली.

प्रचंड आकाराचा हव्यास धरणारा राजा गेला, आणि केंडलरने आपले लक्ष लहान आकाराकडे वळविले. आता टेबलावर किंवा कोनाड्यात ठेवता येतील असे पक्षी तो करू लागला. पोपट, हुदहुद, हळद्या, सुतारपक्षी अशी किती नावे सांगावीत? कोणी झाडाच्या खुंटावर बसलेला, कोणी किडा टिपण्यासाठी वाकलेला, कोणी मान तिरपी करून पाहणारा. लहान पक्ष्यांना तडे जाण्याचा धोका कमी, म्हणून त्यांच्यावर भट्टीत भाजून पक्के केलेले हिरवे, पिवळे, निळे रंगही चढू लागले. मोठ्या पक्ष्यांशी झुंजताना हाताला जो सराव झाला होता, तो आता या वीतभर पाखरांच्या कामी आला.

कारखान्यात सर्व काही गोडीगुलाबीने चालत होते असे मात्र नाही. तेथील रंगकामाचा प्रमुख हेरोल्ट हा केंडलरच्या आधीपासूनचा, वजनदार मनुष्य. पात्राचा पृष्ठभाग गुळगुळीत असावा आणि त्यावर चित्रे रंगवावीत, असे त्याचे मत. चिनी मातीने स्वतःच्या आकारातून बोलावे, रंगाने त्यावर कुरघोडी करू नये, हे केंडलरचे मत. दोघांचे पुष्कळदा खटके उडत आणि तक्रारी वरिष्ठांपर्यंत जात. पण केंडलरने आपल्या मताचा पुरावा हाताने दिला. सॅक्सनीचा मंत्री ब्रूल याच्यासाठी त्याने १७३७ ते १७४१ या काळात भोजनाच्या भांड्यांचा एक संच केला. त्यात दोन हजारांहून अधिक नग होते. प्रत्येक ताटावर पाण्याच्या लहरी उठविलेल्या, त्यांवर हंसांची जोडी तरंगत असलेली, आणि शेजारी लव्हाळ्यात बगळा उभा! हे सारे मातीच्या उठावातूनच साधलेले. रंगाचे काम त्यात अगदी थोडे. हंसांचा संच या नावाने तो आजही प्रसिद्ध आहे.

हळूहळू मायसेनच्या पक्ष्यांची कीर्ती युरोपभर पसरली. पॅरिसचे व्यापारी ते विकत घेत, सोन्याचा मुलामा दिलेल्या पितळी कामात बसवीत, भोवती चिनी मातीची फुले लावीत आणि श्रीमंतांना विकत. इतर देशांतील कारखान्यांनी त्यांच्या नकला केल्या. पुढे पुढे तर मायसेनची निळ्या रंगातील दोन आडव्या तलवारींची खूणही खोटी उमटविली जाऊ लागली. त्यामुळे जाणता संग्राहक असा पक्षी हाती आला की नुसत्या खुणेवर विश्वास ठेवीत नाही. तो पक्षी उलटा करून तळ पाहतो, चोच आणि शेपटी मागाहून जोडलेली तर नाही ना हे तपासतो, कारण तेच भाग आधी मोडतात. मग तो पिसे निरखतो. पिसांची ठेवण खऱ्या पक्ष्यासारखी आहे काय? मानेला ती सजीव ऐट आहे काय? खूण चोरता येते, पण मोरिट्झबुर्गच्या पिंजऱ्यांपुढे तासन् तास उभे राहून मिळविलेली दृष्टी चोरता येत नाही.

एवढे यश मिळूनही केंडलरच्या मनात एक मोठे स्वप्न घर करून होते. तिसऱ्या ऑगस्टसचा घोड्यावर बसलेला, खऱ्या माणसाहून मोठा असा पुतळा संपूर्ण चिनी मातीत करावयाचा, असा त्याचा संकल्प होता. लोक अशक्य म्हणत होते. केंडलरने आधी लहान नमुना करून दाखविला, मग मोठा प्लॅस्टरचा आराखडा उभारला. राजाचा भव्य चेहरा भट्टीतून सुखरूप बाहेरही आला. तेवढ्यात १७५६ साली युद्ध पेटले. प्रशियाच्या फौजांनी सॅक्सनी व्यापली आणि मायसेनचा कारखाना शत्रूच्या हाती गेला. राजा पोलंडला निघून गेला. पुष्कळ कारागीर पांगले. केंडलर मात्र आपल्या जागी राहिला आणि सात वर्षे त्याने ते काम कसेबसे चालू ठेवले. १७६३ साली युद्ध संपले, त्याच वर्षी तिसरा ऑगस्टसही वारला. रिकाम्या खजिन्यातून पुतळ्यासाठी पैसा कोण देणार? तो महान पुतळा कधीच पुरा झाला नाही. त्याचा लहान नमुना आणि राजाचा तो एकाकी चेहरा एवढेच आज उरले आहे.

१७६४ साली फ्रान्समधून आसिए नावाचा एक नवा शिल्पकार आणण्यात आला आणि केंडलरच्या बरोबरीने त्याची नेमणूक झाली. लोकांची आवडही बदलली होती. ज्याने चव्वेचाळीस वर्षे एकाच कारखान्यात घालविली, त्याला उतारवयात हे सर्व पाहावे लागले. तरीही त्याने हातातले काम खाली ठेवले नाही. १७७५ च्या मे महिन्यात मायसेन येथेच त्याचा अंत झाला. तोवर त्याने आणि त्याच्या देखरेखीखालील मंडळींनी हजाराहून अधिक नमुने घडविले होते.

त्याच्या पक्ष्यांचे भाग्य मात्र त्याच्याहून बलवत्तर ठरले. दुसऱ्या महायुद्धात ड्रेस्डेन शहर बेचिराख झाले. पण राजसंग्रहातील बहुतेक चिनी माती आधीच दूरच्या ठिकाणी हलविलेली होती. युद्धानंतर ती सोव्हिएट रशियात नेण्यात आली आणि १९५८ साली ड्रेस्डेनला परत आली. आज तेथील त्स्विंगर या जुन्या प्रासादात ते मोठे शुभ्र पक्षी उभे आहेत. मायसेनच्या कारखान्यात जुने नमुने जपून ठेवलेले आहेत, आणि त्यांवरून केंडलरचे पक्षी आजही घडविले जातात.

केंडलरच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ज्या भव्य पुतळ्यावर त्याने आपली सारी आशा लावली होती, तो काळाने अपुरा ठेवला. ज्या लहान पाखरांना त्याने तितकेच मन लावून घडविले, त्यांनी त्याचे नाव राखले. कोणते काम टिकेल हे करणाऱ्याला आधी कळत नसते. म्हणून हाती आलेले प्रत्येक काम, मग ते वीतभर का असेना, नीट पाहून, समजून आणि जीव ओतून करावे, हेच त्याच्या कपाटातल्या मूक पक्ष्यांचे सांगणे आहे.